फाल्गुनातला पाला आणि घरचं खत: खानदेशी उन्हात ओला कचरा जिरवताना

घरच्या खताची खरी सुरुवात फाल्गुनात होते. होळीच्या आगेमागे कडुनिंब पंधरा-वीस दिवसांत पानं झाडून मोकळा होतो, पिंपळही झडतो, आणि जळगाव, धुळे, अमळनेर, कुठल्याही गावात सकाळी झाडलेला पाला कोपऱ्यात लोटून त्याला काडी लावलेली दिसते. वर्षभराचा ओला कचरा जिरवायला लागणारा कोरडा माल हाच आहे. तो जळून गेला की पुढे पावसाळ्यात वखारीतून भुसा विकत आणावा लागतो, तोही ओलसर मिळतो. म्हणून आमच्या खताच्या कामात पहिलं साधन ड्रम नसून गोणी आहे.

किती पाला लागतो हे आधी मोजून घ्यावं. चार माणसांच्या घरात भाजीची देठं, साली, चहाचा चोथा धरून रोज 700 ते 900 ग्रॅम ओला कचरा निघतो. चिरून टाकला तर दीड ते दोन लिटरचं भांडं भरतं. जितका ओला, तितकाच चुरलेला कोरडा पाला, हे प्रमाण मापाने धरायचं, वजनाने नाही. म्हणजे वर्षाला सहाशे-सातशे लिटर चुरा. धान्याच्या मोठ्या गोणीत पाला पायाने दाबून दाबून भरला तर सात-आठ गोण्यांत वर्षाची बेगमी होते. कडुनिंबाची पानं बारीकच असतात, चुरावी लागत नाहीत. पिंपळाची गोणीत भरून काठीने धोपटायची. साग, आंबा आणि निलगिरी टाळलेली बरी. जाड आणि चिवट पान सहा महिन्यांनीही जसंच्या तसं निघतं. कडुनिंबाच्या कडूपणाने खतातले जंतू मरतील अशी शंका बरेच जण काढतात. तसं होत नाही. कीटकांना रोखणारं द्रव्य मुख्यतः निंबोळीत असतं, वाळलेल्या पानात ते फार थोडं उरतं.

गोण्या विटांवर ठेवायच्या, भिंतीला चिकटवून नाही. जमिनीवर ठेवल्या तर उधई लागते. आणि गोणीत कधीही थेट हात घालायचा नाही. वाळलेल्या पाल्यात विंचू बसतो आणि आपल्याकडे तो नेहमीचाच आहे. आधी गोणी फरशीवर ओतायची, काठीने पसरायची, मग घमेल्यात भरायची.

हा खटाटोप का, तेही सांगायला हवं. घंटागाडीत एकत्र गेलेला ओला-सुका कचरा डेपोवर ढीग होऊन पडतो. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तिथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमान वाढवतो, शिवाय तो पेटतो. मे महिन्यात डेपो धुमसायला लागला की तो धूर आठ-आठ दिवस वस्तीवर येत राहतो. खालून झिरपणारं काळं पाणी विहिरीपर्यंत जातं. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच करायला सांगितले, पण नुसतं वेगळं करून भागत नाही. पुढे गाडीत दोन्ही एकत्र झाले तर वेगळं करण्याचे कष्ट वाया जातात. ओला घरातच जिरला की गाडीत जाणारा सुका कोरडा आणि स्वच्छ राहतो, आणि तसा सुका भंगारवाला आनंदाने नेतो.

गांडूळ खत आणि बायोगॅस हे दोन पर्याय आम्ही बाजूला का ठेवले, ते थोडक्यात. खतासाठी वापरतात ते लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, 15 ते 30 अंशांत सुखी असतं. वाफ्याचं तापमान 35 च्या वर गेलं की ते मरतं किंवा पळून जातं. खानदेशात चैत्र ते ज्येष्ठ पारा 42 ते 45 वर असतो. झाडाची दाट सावली, ओल्या गोणपाटाचं पांघरूण आणि दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा एवढं सांभाळता येत असेल तर करावं, नाहीतर जुलै ते फेब्रुवारी एवढंच ते काम. बायोगॅसचं उलट आहे. त्यातल्या जंतूंना 35 अंशांची ऊब मानवते, म्हणून आपला उन्हाळा त्याला सोयीचाच. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं, त्याला 2006 साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अशा संयंत्राला शिळा भात, पीठ, पिकलेलं फळ असं खाद्य लागतं, आणि खाद्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी रोज लागतं. सुरुवातीला शेणकाला भरून दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, तो पेटत नाही, तेव्हा घाबरून टाकी रिकामी करू नये. कांदा आणि लिंबाच्या साली फार गेल्या तर आंबटपणा वाढून गॅस थांबतो. मेसला, हॉस्टेलला किंवा मोठ्या एकत्र कुटुंबाला हे छान आहे. चार माणसांच्या घरात मात्र रोजचं पुरेसं खरकटं निघतच नाही.

राहिला ड्रम. आम्ही 60 लिटरचे तीन घेतले: एक भरायला, एक मुरायला, एक रिकामा करायला. भंगार बाजारात निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यांत आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नये. कापसाच्या मुलखात फवारणीच्या औषधाचे आणि रसायनांचे ड्रम सर्रास विकायला येतात आणि कितीही धुतले तरी ते यासाठी चालत नाहीत. लोणच्याचा, सॉसचा किंवा फरसाणाच्या तेलाचा ड्रम घ्यावा. आधी चांगला घासून घ्यावा, कारण तेलाचा थर राहिला तर तळ कुजतो.

भोकांबाबत आमची चूक झाली, ती इतरांची होऊ नये. पुण्या-मुंबईकडच्या माहितीप्रमाणे आम्ही पहिल्या ड्रमला चारही बाजूंनी, खालून वर, 8 मिलिमीटरची चार ओळी भोकं पाडली. श्रावणात तो ड्रम उत्तम चालला. चैत्रात मात्र उन्हाच्या झळा त्या भोकांतून आरपार गेल्या. मधला गाभा ओला होता, पण भिंतीलगतचा दोन-दोन इंचांचा थर कोरडा ठणठणीत पडला आणि त्यात लाल मुंग्यांनी घर केलं. त्या कोरड्या भागात कुजणं थांबलं होतं. त्यानंतर आम्ही तळाला सहा भोकं आणि बाजूला, तळापासून एक वितीवर, एकच ओळ ठेवली. हवा आतून मिळावी म्हणून ड्रमच्या मधोमध कपाशीच्या काड्यांची मनगटाएवढी मोळी उभी करून भोवती भरायला लागलो. काड्यांमधल्या फटींतून हवा गाभ्यापर्यंत जाते आणि उन्हाळ्यात बाजू सुकत नाहीत. काडी घेताना तिला बोंड चिकटलेलं नसावं. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी असते, ती घरच्या भेंडीलाही लागू शकते. खांडलेल्या, नागड्या काड्याच आणायच्या.

ड्रम तीन विटांवर, खाली प्लास्टिकचं पसरट भांडं, आणि जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीची. गच्चीवर उघड्या उन्हात ठेवलेला ड्रम मे महिन्यात आतून इतका तापतो की जंतूच मंदावतात. 65-70 अंशांपुढे कुजवणारे बहुतेक जीव टिकत नाहीत. गच्चीशिवाय जागाच नसेल तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवून वरून ओलं गोणपाट गुंडाळायचं. मातीचे माठ आणि रांजण दिसायला सुंदर, आतून गारही राहतात, पण तो गारवा आतल्या पाण्याच्या बाष्पीभवनाचाच असतो. उन्हाळ्यात माठातलं खत प्लास्टिकच्या ड्रमपेक्षा लवकर सुकतं. माठ हवाच असेल तर पावसाळ्यात भरावा.

भरणी अशी. तळाला चार बोटं जाडसर माल: नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, काड्यांचे तुकडे. त्यावर दोन बोटं पाला. मग विरजण. त्यासाठी जुनं खत दोन ओंजळी, किंवा अर्धा किलो ताजं शेण दोन लिटर पाण्यात कालवून त्यातलं निम्मं, किंवा पेलाभर आंबट ताक. बाजारात मिळणाऱ्या कल्चरची गरज पडत नाही, एकदा आपलं खत तयार झालं की तेच पुढचं विरजण. त्यानंतर रोज संध्याकाळी दिवसभराचा चिरलेला ओला कचरा टाकायचा, तेवढाच पाला, खुरप्याने वरच्या वितभर थरात मिसळायचं आणि शेवटी वर पाल्याचं दोन बोटं पांघरूण. हे पांघरूण कधीही चुकवायचं नाही, माश्या आणि वास यांचा निम्मा बंदोबस्त तेच करतं.

प्रमाणामागचं कारण कार्बन आणि नायट्रोजनचं आहे. भाजीपाल्यात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बन 15 ते 20 भाग असतो, वाळलेल्या पानांत 40 ते 80, लाकडाच्या भुशात दोनशेच्याही वर. कुजवणाऱ्या जंतूंना दोन्हींची सरासरी 25 ते 30 हवी. म्हणून पाला बरोबरीने आणि भुसा निम्म्याने, त्याहून जास्त नाही. भुसा जास्त झालेला ड्रम वास मारत नाही, सुंदर दिसतो, पण चार महिन्यांनी उघडला तर आत भुसाच निघतो. प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

आता पाणी. खानदेशात खताचं सगळं गणित इथे अडतं. मराठीत या विषयावर जे लिहिलेलं सापडतं त्यात ‘ओलं होऊ देऊ नका’ यावरच भर असतो, कारण ते कोकणाच्या किंवा पुण्याच्या हवेला धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे वर्षातले आठ महिने उलटी अडचण. कचऱ्यात 50 ते 60 टक्के ओल लागते. ती मोजायला यंत्र नको. ड्रमच्या मधून, वरून नव्हे, हात कोपरापर्यंत घालून मूठभर माल काढायचा आणि घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब जमले, खाली पडले नाहीत, आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहून बोट लावताच मोडला, की ओल बरोबर. गोळाच झाला नाही तर कोरडं. मनगटावरून ओघळ आला तर जास्त. ही मूठ आठवड्यातून दोनदा पाहायची, उन्हाळ्यात एक दिवसाआड.

एप्रिल-मेमध्ये 60 लिटरच्या ड्रमला एक दिवसाआड साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. एकदम ओतलं तर ते मोळीच्या कडेने सरळ तळाला जातं. झारीने, गोल फिरवत, आधी कडेला मग मध्ये. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे पाणी जड वाटतं, म्हणून भाजी धुतलेलं आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एका तांब्यात बाजूला ठेवायचं, तेवढ्यात भागतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात. शेतात पाऊस क्षार धुऊन नेतो, ड्रममधून ते कुठेच जात नाहीत, साठत राहतात. तीन-चार भरण्यांनी त्या खताने तुळशीची पानं कडेने करपायला लागतात. फार क्षारांच्या बोअरच्या पाण्याचंही तेच.

खालीवर करण्याचा नियमही ऋतूप्रमाणे बदलतो. दर वेळी खालीवर केलं की वाफ निघून जाते. पावसाळ्यात ती जायलाच हवी, म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा, तेही संध्याकाळी, आणि लगेच पाणी. थंडीत, रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा, काम मंदावतं. चहाचा चोथा आणि मूठभर शेण वाढवलं तर ऊब टिकते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टींचं वेगळं बोलावं लागेल.

केळीची साल. रावेर, सावदा, फैजपूरच्या पट्ट्यात घरोघर केळी असतात, आणि सालीचा ढीग सर्वांत आधी त्रास देतो. अख्खी साल टाकली की एकावर एक चिकटून चामड्यासारखा थर होतो, हवा जात नाही, खाली काळा चिखल होतो. दोन-दोन बोटांचे तुकडे करावेत. चिलटं बाहेरून येतात असं वाटतं, पण त्यांची अंडी बहुधा पिकलेल्या फळाच्या सालीवरून घरात येतात. म्हणून साल दिवसभर डब्यात ठेवू नये. सोलली, चिरली, ड्रममध्ये वितभर खोल पुरली, वर पाला.

भरीत. हिवाळ्यात भाजलेल्या वांग्यांच्या साली आणि देठं ताटभर निघतात. जळकी साल चालते, लवकर जिरते. देठ मात्र तीन महिने हलत नाही, ठेचून टाकावा. चूल किंवा शेकोटीची राख लोक हौसेने घालतात, ती ड्रमला आठवड्यातून एक चमचा पुरे. राख अल्कधर्मी असते, तिच्याने नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, म्हणजे खताचा कसच उडतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात तेव्हा दोन दिवसांत चार-पाच किलो साली-कोया जमतात. साली पाल्यासह चालतात, त्या आठवड्यात पाला दीडपट. कोयीचं कवच वर्षभरातही कुजत नाही. कोया बाजूला वाळवून तळाच्या जाडसर थरात वापराव्यात, चाळताना वेचून पुन्हा तळाला.

शेवभाजीचा रस्सा, तर्री, लोणच्याचा खार हे ड्रममध्ये जाऊ नये. तेल कणांवर लेप धरतं, हवा अडते, आंबूस वास सुटतो, मीठ साठतं ते वेगळंच. उरलेली भाजी गाळून, पाण्याने एकदा खंगाळून टाकली तर चालते. शिळी भाकरी, मग ती कळण्याची असो की ज्वारीची, गायीला द्यावी. ड्रममध्ये तिने उंदीर येतात. चहाचा चोथा साखर धुऊन टाकायचा, तो उत्तम. मार्चमध्ये वर्षाचं तिखट करताना निघणारी मिरचीची देठं कोरड्या मालात चालतात, फक्त ती मिसळताना नाकाला फडकं बांधावं. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या आणि गणपतीच्या निर्माल्यातला दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुलं आधी काढायची. झेंडू पाकळ्या सुट्या करून टाकला तर आठ दिवसांत दिसेनासा होतो.

बिघाड नाकाला आधी कळतो. मुतारीसारखा झोंबणारा वास म्हणजे अमोनिया, ओलं-हिरवं जास्त झालं. दोन घमेली पाला मिसळायचा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा बंद झाली, बहुधा तळाला पाणी साचलं. तळाची भोकं सळईने मोकळी करायची, सगळं एकदा फरशीवर ओतून, पाला मिसळून पुन्हा भरायचं. दुसरा मार्ग नाही, वरून पाला टाकून हा वास जात नाही. आंबट वास फळांचा किंवा भाताचा. वासच नाही, मुंग्या आहेत आणि महिनाभर पातळी खाली गेली नाही, तर पाणी कमी. पांढरी बुरशी दिसली की लोक फेकून देतात. ती चांगली खूण आहे, ती चिवट भाग मोडते.

अळ्यांना घाबरून पुष्कळ घरांनी हे काम सोडलंय. पावसाळ्यात करड्या-तपकिरी, चपट्या, नखाएवढ्या अळ्या दिसतात. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. ही माशी अन्नावर बसत नाही, रोग पसरवत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. त्या राहू द्याव्यात. बारीक पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या, म्हणजे पांघरूण उघडं राहिलं. खालच्या भांड्यात काळं पाणी साचत असेल तर त्याला द्रवखत समजून कुंड्यांना ओतू नये. ते अर्धवट कुजलेलं असतं. दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना द्यावं, आणि पाला कमी पडतोय हे ओळखावं.

ड्रम गच्च भरायला चाळीस-पन्नास दिवस लागतात, कारण खालचं बसत जातं. भरला की त्यात नवं टाकणं बंद. झाकण लावून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात 45 ते 60 दिवस, थंडीत 75 दिवस मुरू द्यायचा. ओलीची मूठ मात्र पाहत राहायची. मुरतानाच सुकलेले ड्रम आम्ही सर्वांत जास्त पाहिलेत. भरणं थांबलं की लोकांचं लक्ष उडतं आणि वैशाखात दोन आठवड्यांत सगळं वाळून जातं. असा ड्रम वरून काळा भुगा दिसतो आणि तयार झालाय असं वाटतं. कुंडीत घातल्यावर तो पुन्हा कुजायला लागतो, तापतो, मुळं जाळतो.

म्हणून परीक्षा करायची. मूठभर खत ओलं करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस बंद ठेवायचं. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार. आंबट किंवा कुजका आला तर अजून पंधरा दिवस. दुसरी परीक्षा मेथीची. दोन वाट्या घ्यायच्या, एकीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत. दोन्हींत दहा-दहा मेथीदाणे पेरायचे, दिवसातून एकदा पाणी शिंपडायचं. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. खताच्या वाटीत मातीच्या वाटीइतकेच किंवा जास्त दाणे उगवले आणि मोडाचं टोक पांढरं राहिलं तर खत द्यायला हरकत नाही. टोक तपकिरी होऊन गळलं तर ते कच्चं, किंवा खारट. ही परीक्षा सोपी आहे आणि घरातली लहान मुलंही करू शकतात.

तयार माल वाळूच्या चाळणीने चाळायचा. चाळीस किलोच्या आसपास ओला कचरा आणि त्यासोबतचा पाला यांतून दहा-बारा किलो खत निघतं. आपली काळी माती पाणी पडलं की चिकट, सुकली की भेगाळते. कुंडीत तीन भाग माती एक भाग खत केलं तर ती भुसभुशीत राहते आणि उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी वाचते. नुसत्या खतात रोप लावू नये. छोट्या ड्रममध्ये तापमान 55-60 पर्यंत चढत नाही, त्यामुळे टोमॅटो, भोपळ्याच्या बिया जिवंत राहतात आणि कुंडीत उगवतात, त्या उपटाव्यात. याच कारणासाठी कुत्र्या-मांजराची विष्ठा, डायपर, सॅनिटरी पॅड यांना ड्रममध्ये जागा नाही. पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यायचे. सेल, ट्यूबलाइट, संपलेली औषधंही वेगळी. दुधाच्या पिशव्या कापताना कोपरा सुटा करू नये, धुऊन वाळवल्या तर भंगारवाला घेतो. कुरकुऱ्यांची चमकणारी पाकिटं कोणीच घेत नाही, ती विकत न आणणं हाच त्यावरचा उपाय.

कॉलनीला किंवा बाग असलेल्या शाळेला ड्रम पुरणार नाहीत. तिथे नॅडेपची टाकी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, नॅडेपकाका, यांनी ही पद्धत बसवली, त्यांच्या नावाची आद्याक्षरंच तिला मिळाली. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, नऊ इंची विटांच्या भिंती, मध्ये मध्ये हवेसाठी विटांच्या फटी. वरचा लेप, सारवण आणि नंतरची भर धरून एका भरणीला 1400 ते 1500 किलो पालापाचोळा, 90 ते 100 किलो शेण, 1750 किलो चाळलेली कोरडी माती आणि 1500 ते 2000 लिटर पाणी. सहा इंच पाला, त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर 50-60 किलो माती, असे अकरा-बारा थर. टाकीच्या काठावर दीड फूट झोपडीसारखा ढीग, तीन इंच मातीचा लेप आणि शेण-मातीने सारवण. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो, पुन्हा भरून पुन्हा सारवायचं. नव्वद ते एकशेवीस दिवसांत सुमारे तीन टन खत.

कॉलन्यांत ही टाकी फसते त्याचं कारण एकच. तिला रोजची कचराकुंडी समजतात. ती दोन दिवसांत, सलग, पूर्ण भरायची असते. नाहीतर खालचा थर सुकतो आणि वरचा सडतो. आधी तीन-चार महिने पाला गोण्यांत जमवायचा, घरोघरचे ड्रम अर्धवट मुरलेल्या स्थितीत त्याच दिवशी आणून मिसळायचे. भरणीचा दिवस जुलैच्या मध्यावर धरावा. तेव्हा विहिरीला पाणी आलेलं असतं, हवा दमट असते, आणि दिवाळीच्या आसपास खत हातात येतं. मे महिन्यात भरलेल्या टाकीच्या फटींतून रोज पाणी शिंपडूनही दक्षिणेकडची बाजू सुकलेलीच राहते. सारवणाला भेग पडली की तिथून वाफ जाते, ती त्याच दिवशी शेणाने लिंपावी. रिकामी करताना विटांलगतचा चार बोटांचा थर बहुतेक अर्धाकच्चा निघतो. तो खतात न मिसळता वेगळा काढून पुढच्या भरणीच्या तळाला टाकायचा.